सहा तुकडे, जोर पाचव्यावर

३ जानेवारी, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. खताच्या दुकानदाराने नव्या वर्षाची डायरी दिली. जाड पुठ्ठा, वर युरियाच्या गोणीचं चित्र. मोठी माणसं रोज लिहितात. मीही लिहिणार. रोज एक पान. खाडा नाही.

मुख्य घटना : बीडहून पत्र आलं. ‘ग्रामबंध’ नावाच्या कुठल्याशा संस्थेने सहा फेब्रुवारीला बीडला सरपंचांची कार्यशाळा ठेवलीय. दिल्लीचे पाहुणे येणार, दोन परदेशी बायाही. जिल्ह्यातले पाच सरपंच भाषणाला निवडलेत, त्यात आमचं गाव. प्रत्येकी पाच मिनिटं.

पाकिटावर ‘सौ. वत्सलाबाई, सरपंच’ असं होतं. म्हणजे मीच. सीट महिलेला सुटली म्हणून कागदावर आमची ही सरपंच. तीन वर्षं कारभार कोण बघतो ते तलवाड्यापासून गेवराईपर्यंत कुणालाही विचारा, विजयसिंह भाऊंचं नाव सांगतील.

भाषणाचा विषय एकच शब्द, तोही इंग्रजीत. ग्रामसेवक परमेश्वरला वाचायला लावला. त्याने चष्मा पुसला, पत्र लांब धरलं, जवळ धरलं, मग म्हणाला, भाऊ, काहीतरी विकासाचंच दिसतंय. मी अक्षरं मोजली. सोळा.

निश्चय : भाषण इंग्रजीतच करायचं. जिल्हा बघत राहिला पाहिजे. मी बारावीला इंग्रजी सोडून सगळ्या विषयांत पास झालेला माणूस आहे. पाया पक्का आहे.

४ जानेवारी, शनिवार

शाळेतल्या मंजुषा मॅडमना बोलावून घेतलं. त्या इंग्रजी शिकवतात, रोज गेवराईहून स्कूटीवर येतात. पत्र बघितल्याबरोबर एका दमात म्हणाल्या : डीसेंट्रलायझेशन. मराठीत विकेंद्रीकरण. मराठी शब्द तीनदा म्हणून पाहिला. इंग्रजीच सोपा पडेल.

अर्थ : सत्ता एका हातात न ठेवता खाली वाटून देणे. मला हसूच आलं. हे तर आपण केव्हाच केलंय. गावात पाणी, शाळा, तंटामुक्ती, रेशन, आरोग्य, वन, यात्रा आणि स्मशानभूमी अशा आठ समित्या आहेत. सत्ता आठ ठिकाणी वाटली. आठही ठिकाणी अध्यक्ष मी.

ठरलं : मॅडमनी रोज पाच ते साडेपाच आमच्या ओसरीवर येऊन शिकवायचं. त्या जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, भाऊ, शाळेतल्या मुलींच्या शौचालयाला दार नाही, पाणी नाही, मुलींनी अर्ज देऊन दीड वर्ष झालं. मी म्हणालो, बघू. आधी शिक्षण.

६ जानेवारी, सोमवार

(कालचं पान राहिलं. रविवारी लिहायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, फक्त वर नोंदवायचं राहून गेलं.)

पहिला तास. मॅडम म्हणाल्या, लांब शब्द गिळायचा नसतो, तोडायचा असतो. तोंड जितक्यांदा उघडतं तितके तुकडे. हनुवटीखाली उलटा हात धरायचा, शब्द म्हणायचा, हनुवटी हाताला जितक्यांदा लागेल तितके मोजायचे. त्यांनी करून दाखवलं. डी, सेन्, ट्र, लाय, झे, शन. सहा.

मी केलं. आधी चार आले, मग नऊ. मॅडम म्हणाल्या, नऊ कसे? मी म्हणालो, आवाजच मोठा आहे आपला.

ही चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, ताई, बसा की. तर खांबाला टेकून बसली. मी बसू दिलं. शब्द म्हणजे काय ते तिला कळणार नाही, पण तिचा तेवढाच वेळ जातो.

८ जानेवारी, बुधवार

कामासाठी मांजरसुंब्याला गेलतो. ढाब्यावर पिठलं येईपर्यंत वेळ होता. हनुवटीखाली हात धरून डी-सेन् सुरू केलं. वेटरने पाहिलं आणि न मागता लवंग आणून दिली. शेजारच्या ट्रक ड्रायव्हरने नगरच्या एका दाताच्या डॉक्टरचं नाव सांगितलं, हात लई हलका आहे म्हणाला. मी कुणाला काही कळू दिलं नाही. अभ्यास गुप्त ठेवावा. लवंग खाल्ली.

प्रगती : पहिले चार तुकडे पक्के. उरलेले दोन म्हणजे शेपूट. शेपूट आपोआप मागे येतं.

११ जानेवारी, शनिवार

आजचा विषय जोर.

मॅडम म्हणतात, सहा तुकड्यांत जोर एकावरच द्यायचा. बाकीच्या पाचांनी काय करायचं, असं मी विचारलं. म्हणाल्या, ते हळू म्हणायचे. ते हळू म्हणतो म्हणूनच जोर उठून दिसतो. नियम असा की शब्दाच्या शेवटी ‘शन’ आला की जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर. डोनेशनमध्ये ‘ने’, एज्युकेशनमध्ये ‘के’. आपल्या शब्दात ‘झे’, म्हणजे पाचवा.

हे मला पटलं नाही. तीस वर्षं राजकारणात आहे, शेवटून दुसऱ्याला जोर मिळालेला कधी पाहिला नाही. जोर पहिल्यावरच पाहिजे. ‘डी’ असा खणखणीत काढला की बाहेर बांधलेली म्हैस उठून उभी राहिली. याला म्हणतात आवाज.

ही खांबापाशी बसून म्हणाली, “पर इलेक्शन म्हणताना तुमी ‘लेक’वरच जोर देता की.”

मॅडम हसल्या. मी म्हणालो, चहात साखर कमी आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सणाला अभ्यास करू नये. हळदीकुंकवाला मॅडम आल्या होत्या. सगळ्या बाया गेल्यावरही तासभर आत हिच्याशी बोलत बसल्या. मधूनच हसण्याचा आवाज. मधूनच ‘झे’ ऐकू आल्यासारखं वाटलं. ‘जे’ असेल. जे झालं ते झालं, वगैरे. बायकांच्या गप्पा.

१६ जानेवारी, गुरुवार

आज शब्दाचे भाग. मला वाटलं परत तेच सहा. तर नाही! आवाजाचे तुकडे सहा, पण अर्थाचे भाग पाच. डी, सेंटर, अल, आइज, एशन. मी विचारलं, सहावा कुठं गेला? मॅडम म्हणाल्या, दोन्ही हिशेब वेगळे असतात, अर्थ जिथं तुटतो तिथंच आवाज तुटतो असं नाही. ‘लाय’मध्ये ‘अल’चं शेपूट आणि ‘आइज’चं डोकं एकत्र आलेलं आहे.

हे मात्र मला पटकन कळलं. सातबारा वेगळा, ताबा वेगळा. आमच्या धाकट्या भावाच्या नावावर विहिरीकडची पट्टी आहे, पण पेरतो मी. मॅडमना उदाहरण सांगितलं. त्या चहाच्या कपाकडे बघत राहिल्या. बुद्धी पाहून चकित झाल्या असाव्यात.

अर्थ असा. सेंटर म्हणजे मधलं. अल लावलं की मधल्याचं. आइज लावलं की तसं करणं. एशन लावलं की त्या करण्याचं नाव. इथपर्यंत शब्द एकदम चांगला आहे : सगळं मध्ये आणण्याचं काम. मग पुढं ‘डी’ लागतो आणि सगळं उलटं होतं. मध्ये आहे ते काढून वाटायचं. मी म्हणालो, चांगल्या शब्दाला पुढं हे कशाला चिकटवलंय? ‘डी’ वगळून म्हटलं तर चालेल का? मॅडम म्हणाल्या, चालेल, पण मग अर्थ बरोबर उलटा होईल.

ही खांबापाशी होतीच. तिने मॅडमना विचारलं, “म्हंजी कुणाकडनं काढायचं अन् कुणाला द्यायचं?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं, वरच्यांकडून काढायचं आणि आपल्याला द्यायचं.

“अन् आपल्याकडचं?”

मी म्हणालो, चहा गार झाला.

जाताना मॅडमनी परत शौचालय काढलं. म्हणे आठवीतली शिवकन्या दिवाळीपासून शाळेत येईना. मायबाप ऊसतोडीला गेलेत, ती आजीजवळ, सुंदरबाईजवळ, वस्तीवर राहते. शाळेत सोय नाही म्हणून मधल्या सुट्टीत घरी जायची, दीड किलोमीटर, आणि परत यायला उशीर झाला की बोलणी बसायची. शेवटी यायचंच सोडलं. मी म्हणालो, काही मुलींना मुळात अभ्यासाची आवडच नसते. मॅडम म्हणाल्या, तिला इंग्रजीत वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. मी म्हणालो, बघू.

२० जानेवारी, सोमवार

(मधली तीन पानं एकदम लिहून काढीन.)

हिचा दात दुखतो बहुतेक. ज्वारी निवडताना हनुवटीखाली हात धरून बसलेली पाहिली. ओठ हलत होते. विचारलं तर म्हणाली, काय न्हाई. बायका दुखणं अंगावर काढतात. बंकटला पाठवून गोळी आणली. बंकट माझा वीस वर्षांचा माणूस, सांगेन ते करतो आणि सांगितल्यापेक्षा जास्त करतो. त्याने पूर्ण पाकीटच आणलं. हिने ते तसंच फळीवर ठेवलं.

मला बायकोची किती काळजी आहे हे इथं नोंदवून ठेवतो.

२४ जानेवारी, शुक्रवार

तयारी जवळजवळ पूर्ण. परवा झेंडावंदनाला शाळेत आणि ग्रामपंचायतीत गर्दी असेल. तिथं शब्द एकदा जाहीर म्हणून पाहायचा. बीडच्या आधी रंगीत तालीम.

मॅडम म्हणाल्या, घाई करू नका भाऊ, अजून ‘लाय’वर अडकताय. मी म्हणालो, लोकांपुढं उभा राहिलो की आपोआप सुटतं.

बंकटला टाळ्यांचं सांगून ठेवलं : मी शब्द म्हटला की टाळ्या. त्याने विचारलं, शब्द कोणता? मी तोडून सांगितला, सहा तुकडे. म्हणाला, कळलं.

२६ जानेवारी, रविवार

रविवारी लिहायचं नाही हा नियम आज मोडतो, कारण नंतर कुणी भलतंच सांगू नये.

झेंड्याची दोरी सरपंचाने ओढायची असते. हिने हात लावला, मी ओढली. मग मी माईक घेतला. गावात निम्मी माणसं, बाकीची ऊसतोडीला कारखान्यावर. तरी शाळेची पोरं धरून दोनशे तरी असतील. मी म्हणालो, मित्रहो, आज जगात एकच गोष्ट चालू आहे, ती म्हणजे, डी.

बंकटने टाळ्या वाजवल्या. पोरांनीही वाजवल्या.

सेन्, म्हणालो. परत टाळ्या.

ट्र. टाळ्या. आता बंकट प्रत्येक तुकड्याला एक याप्रमाणे सहा वेळा वाजवणार हे माझ्या लक्षात आलं. मी हाताने थांब म्हणून खूण केली. त्याला वाटलं, जोरात वाजव म्हणतोय. त्या आवाजात लाय म्हटलं की झे म्हटलं तेच कळेना. परत पहिल्यापासून सुरू केलं. डी-सेन् इथंच माईक शिट्टी वाजवू लागला. मागून कोणीतरी ओरडलं, “भाऊ, सेंट मारायचं ऱ्हायलं काय?” पोरं पोट धरून हसायला लागली. शेवटी मी भारत माता की जय म्हणालो, ते मात्र अगदी खणखणीत आलं.

नंतर बंकटला फैलावर घेतलं. कशाला वाजवत होतास रे सारखा? तो म्हणाला, भाऊ, तुमीच सहा सांगितले.

विश्लेषण : चूक माईकची. शब्द माझा तयार होता.

२७ जानेवारी, सोमवार

मॅडम आल्या नाहीत. डोकं दुखतंय असा निरोप. मीही आज सुट्टीच घेतो. डोक्याला विश्रांती पाहिजे.

संध्याकाळी पाणी प्यायला आत गेलो तर ही कपाट उघडून उभी. म्हणे साडी शोधतेय. हातात कागद होता कसला तरी. मी म्हणालो, माझे कागद हलवू नको. ती म्हणाली, “ह्या शौचालयाच्या अर्जावर शिवकन्येचा अंगठा न्हाई, सही हाय. किती वळणदार हाय बघा.” मी म्हणालो, ठेव तो परत.

ठेवला.

३० जानेवारी, गुरुवार

नवी योजना : मोठा शब्द तेवढा इंग्रजीत, बाकी मराठीत. पूर्ण भाषण देवनागरीत कागदावर लिहून घेतलं, पावणेदोन पानं. मोठा शब्द चार वेळा येतो. त्यातला तीनदा परमेश्वरकडून ‘हा विषय’ असा करून घेतला. उरला एक. तो तुकड्या-तुकड्यांनी, मधे रेघा मारून. जोर कुठं द्यायचा ते अजून ठरवलेलं नाही. ऐनवेळी ठरवीन, तिथली हवा पाहून.

पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय की सरपंचांनी स्वतः उपस्थित राहावे, ओळखपत्र आणावे. म्हणून हिलाही न्यावं लागेल. हिला समजावून सांगितलं : शेजारी बसायचं, सही म्हणतील तिथं करायची, बोलायचं मी. ती म्हणाली, “बरं.” समजूतदार आहे.

मॅडम परवापासून परत येताहेत. पण मी मोकळा नसतो. तेव्हापासून हीच त्यांना चहा देते आणि बसवून घेते. आलेल्या माणसाचा मान राखावा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काय झालं ते सविस्तर लिहितो. शांत डोक्याने लिहितो.

साडेनऊला बीडला पोचलो. पांढरा ड्रेस, गॉगल, खिशात भाषण. सभागृहाच्या दारात टेबल मांडलेलं, मागं एक मुलगी बसलेली, पंचवीसची असेल. मी म्हणालो, सरपंच. तिने यादी पाहिली आणि म्हणाली, सर, ह्या नावाच्या सरपंच बाई आहेत. मी म्हणालो, एकच. ती म्हणाली, सर, एक कसं? आणि हिच्याकडे बघून हसली, ओळखपत्र पाहिलं, गळ्यात बिल्ला घातला आणि मला म्हणाली, “पतींची व्यवस्था डाव्या हाताला आहे.”

डाव्या हाताला मांडव होता. आत माझ्यासकट चाळीस माणसं. चाळीसही पांढऱ्या कपड्यांत, निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल. सगळेच सरपंच, म्हणजे तसेच, माझ्यासारखे. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाची टाकी, पंखा एक आणि तोही दुसरीकडे तोंड केलेला. आत काय चाललंय ते ऐकायला एक कर्णा लावलेला. मी दोनदा आत जायला बघितलं. दारातला माणूस नम्र होता. नम्र माणसाशी भांडता येत नाही.

ती आत जाण्याआधी मी तिच्या हातात कागद दिला. म्हणालो, वाच फक्त. मोठा शब्द आला की खोक आणि पुढं जा. तिने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली.  मी म्हणालो, घाबरू नको. ती म्हणाली, “घाबरलेय, पर जाते.”

साडेअकराला कर्ण्यातून हिचं नाव आलं. मांडवात मी सगळ्यांना सांगितलं, आमचं भाषण. सगळ्यांनी कर्ण्याकडे माना वळवल्या.

ती म्हणाली, नमस्कार, मी वत्सलाबाई. मी सरपंच हाय. आजचा विषय हाय, डी, सेन्, ट्र.

आणि थांबली.

किती वेळ थांबली कुणास ठाऊक. कर्णा नुसता खरखरत होता. मांडवात शिरूरकडचा एक जण हसला, म्हणाला, गेली. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझा हात हनुवटीखाली गेला होता. मी तोंडातल्या तोंडात लाय म्हणत होतो. लाय, बाई. लाय.

आत तिने श्वास घेतलेला ऐकू आला. मग एका दमात : डीसेंट्रलायझेशन. जोर बरोबर झेवर. बाकीचे पाच अगदी हळू.

आत टाळ्या पडल्या. मांडवातही दोघांनी वाजवल्या, मग आजूबाजूला पाहून थांबले.

पुढचं तिने मराठीत सांगितलं. परदेशी बायांसाठी कोणीतरी इंग्रजी करून सांगत होतं. माझा कागद तिने काढलाच नाही. म्हणाली, “ह्या शब्दाचा सगळ्यात बारका भाग म्हंजी डी. आमच्या मॅडमनी शिकवलं, डी म्हंजी काढून घ्यायचं. आमच्या गावात आठ समित्या हायेत. आठांचे अध्यक्ष एकच. माणूस चांगला हाय, आमचेच मालक हायेत. बाहेर मांडवात बसलेत.”

आत हसण्याचा मोठा आवाज. मांडवात मात्र कोणी हसलं नाही. एकोणचाळीस माणसं माझ्याकडं बघत होती.

“पर एका माणसाला आठ ठिकाणी जाता येत न्हाई. म्हणून ते कुठंच जात न्हाईत.”

मग तिने शिवकन्येचं सांगितलं. नाव सांगितलं, वर्ग सांगितला, वस्ती किती लांब ते सांगितलं. म्हणाली, “तिचा अर्ज दीड वर्ष झालं आमच्याच घरात हाय, कपाटात. मी ते कपाट रोज उघडते. साड्या काढते, साड्या ठेवते. कागद दिसत व्हता. वाचला न्हाई कधी. सही माझी लागती, अन् मी तीन वर्षांत एकदाबी विचारलं न्हाई की सही कशावर करते. हे मालकांच्या डोक्यावर ढकलता येत न्हाई. ते मी केलंय.”

  कर्ण्यातून फक्त पंख्याची घरघर येत होती. मग ती म्हणाली, एवढंच. पाच मिनिटं संपायच्या आधीच बसली.

शिरूरकडचा म्हणाला, बरं झालं बुवा, आमची बोलणाऱ्यांत नाही. तेवढ्यात कर्ण्यातून पुढचं नाव आलं. तो चहाला उठला.

येताना गाडी मी चालवली. निम्मी वाट संपली. मग मी म्हणालो, ट्रवर अडकलीस. ती म्हणाली, “व्हय. दम पुरला न्हाई.” मी म्हणालो, लायच्या आधी श्वास घ्यायचा असतो. ती म्हणाली, “तुमाला कसं म्हाईत?”

मी आरसा नीट केला.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस मी हिच्याशी बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही. सारखे फोन येत होते तिला.

पेपरात बातमी आली, फोटोसकट. शांतपणे विचार केल्यावर असं दिसतं की हे यश माझं आहे. पत्र मी उघडलं. मॅडमना मी बोलावलं. शिकवणी माझ्या ओसरीवर झाली, चहा माझ्या घरचा. हिच्यात हे बी मीच पेरलं. लोकांना हे सांगायला पाहिजे. बंकटला सांगितलं. तो म्हणाला, भाऊ, ताई काय बोलल्या! मी म्हणालो, मी काय म्हणालो ते ऐकलंस का? तो म्हणाला, व्हय, ताई लई भारी बोलल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ग्रामपंचायतीची मासिक बैठक. आजवर रजिस्टर घरी यायचं आणि सह्या होऊन परत जायचं. आज ही स्वतः गेली. मी आधीच जाऊन नेहमीच्या खुर्चीत बसलो होतो. परमेश्वर उठला, खाकरला, म्हणाला, भाऊ, तेवढी ताईंना. इतकंच म्हणाला. मी उठलो. तशीही त्या खुर्चीचा एक पाय डगमगतो.

पहिला ठराव शौचालयाचा. दार, टाकी, नळ. हिने एकेक शब्द वाचायला लावला आणि मग सही केली. तीन वर्षांत इतक्या हळू केलेली सही मी पाहिली नव्हती.

मग समित्या. निम्मं गाव कारखान्यावर आहे म्हणून नावं ठरवायला वेळ लागला. शाळा समितीवर सुंदरबाई. ती आधी नाही म्हणत होती, मला वाचता येत न्हाई म्हणाली. ही म्हणाली, वाचायला शिवकन्या हाय. पाणी, रेशन, आरोग्य, सगळं गेलं. बंकटला यात्रा मिळाली. माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला, पण घेतली.

स्मशानभूमी समिती माझ्याकडे कायम. अनुभवी माणूस पाहिजे असं ठरावात लिहिलंय. ती कुणी मागितलीही नव्हती, म्हणजे त्या कामाला माझ्या तोडीचा गावात दुसरा नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

(खाडा पडला. मधे लिहिण्यासारखं काही घडलं नाही.)

शाळेवर मिस्त्री आलाय, दार बसवतोय. ही सकाळपासून तिकडेच. शिवकन्या कालपासून शाळेत यायला लागली असं मंजुषा मॅडम सांगून गेल्या. ओसरीवर बसल्या नाहीत, घाईत होत्या. मीही कामात होतो. स्मशानभूमीची पाहणी करून आलो. तिथं सगळं ठीक आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार, दुपार

ही फोन घरी विसरून गेली. वाजत होता म्हणून उचलला. पुण्याहून एक बाई बोलत होत्या, त्याच ‘ग्रामबंध’ संस्थेच्या. वत्सलाताई आहेत का विचारलं. मी म्हणालो, शाळेवर गेल्यात. मग त्यांनी विचारलं, आपण त्यांचे पीए का?

क्षणभर विचार केला. पीए म्हणजे काही लहान माणूस नसतो. आमदाराला भेटायचं तर आधी पीएला भेटावं लागतं. मी म्हणालो, हो.

जवळ दुसरा कागद नव्हता, म्हणून निरोप इथंच घेतला :

वत्सलाताईंना. सरपंच प्रशिक्षण, पुणे. ३ मार्च, सोमवार, सकाळी दहा. पाच दिवस. आधार कार्ड, दोन फोटो. राहण्याजेवणाची सोय आहे. पोचल्यावर फोन करावा.

घरातून सोबत कुणाला आणू नये.

(हे बाईंनी दोनदा सांगितलं.)